सुरीशिवाय शिकार

"सुरी घेतलीस ना?" गाडी सुरू करता करता नसरुद्दीननं विचारलं.

"नाय घेतली," म्हणत हुसेनमियाँ शेजारच्या सीटवर ऐसपैस बसला. अंगात इस्त्रीचा पांढरा सदरा. तळ्याच्या चिखलात जायला असा कुणी नटतो?

एरवी नसरुद्दीननं त्याला तसाच परत खोलीवर पिटाळला असता. जाळ्यातल्या पाखरावर ते जिवंत असतानाच बिस्मिल्ला म्हणून सुरी फिरवायची, नाहीतर ते हराम. रत्नागिरीकडच्या एकाच गावात, खाडीकाठी बदकं धरतच दोघं मोठे झालेले. विळा घरी ठेवून भात कापायला निघावं, तसला हा प्रकार. पण आज नसरुद्दीनला सुरीची पर्वा नव्हती. माणूस गाडीत बसला, एवढं पुरे होतं.

अल खर्जच्या डेअऱ्या मागे पडल्या. असरची नमाज होऊन गेली होती, ऊन उतरत होतं.

"तल्हा बरा हाय ना?" हुसेनमियाँनं विचारलं.

"बरा हाय."

"कामावर गेलाय?"

"होय."

तल्हा कामावर नव्हता. नसरुद्दीनचा हा एकुलता एक मुलगा आठवडाभर कोठडीत होता. तळ्याभोवतीचा सारा भाग पाखरांसाठी राखीव. तिथं जाळं लावणं सोडाच, खडा मारायचीही बंदी. हुसेनमियाँ कामासाठी यान्बूला गेला आणि त्याचं जाळं पाण्यातच राहिलं. चाचाच्या जाळ्यात पाखरं फुकट मरतील, म्हणून तल्हा बघायला गेला आणि पहारेकऱ्यांच्या हाती लागला. जाळं कुणाचं, हे मात्र त्यानं मेलं तरी सांगितलं नाही. पोरगं खाल्ल्या मिठाला जागलं.

बाप जागला नाही. "जाळंवाला दाखव, मुलाला घेऊन जा," मोठा पहारेकरी म्हणाला होता. "नाहीतर खलास. पहिल्या विमानानं गावी, पुन्हा ह्या देशात पाऊल नाही."

तल्हाला नोकरी लागून वर्षही झालं नव्हतं. नसरुद्दीन कबूल झाला. जाळंवाला जाळ्याला हात घालताना सापडायला हवा होता. तो पाण्यात उतरला की नसरुद्दीननं गाडीचं बॉनेट उघडायचं, अशी खूण ठरली. काल हुसेनमियाँ यान्बूहून परतला. आज सकाळी नसरुद्दीननं त्याला फोन करून, थंडीची बदकं उतरलीत, संध्याकाळी जाऊ, एवढंच सांगितलं. तल्हाचं नावही काढलं नाही. मग फोनच बंद करून टाकला. तल्हाची आई ताजुन्निसा गावाहून सारखी विचारत होती, पोराचं काय झालं. तिला काय सांगणार? दिवसभर त्यानं कसंबसं काम रेटलं आणि तिथूनच परस्पर हुसेनमियाँला घ्यायला आला.

"खजूर खा," म्हणत हुसेनमियाँनं त्याच्यापुढं हात केला. "सकाळपासून काय खाल्लं नसशील."

नसरुद्दीननं खजूर तोंडात टाकला. ह्याच माणसानं कफीलच्या, आपल्या अरबी मालकाच्या, हातापाया पडून आपला व्हिसा काढला. तल्हा आला तेव्हा त्याला स्वतःच्या खाटेवर झोपवून हा जमिनीवर पडला. अशा माणसाचा आपण केसानं गळा कापतोय. नसरुद्दीनला स्वतःची किळस आली. पण गाडी काही त्यानं वळवली नाही.

पुढं पोलिसांची चौकी दिसली.

"इकामा काढून ठेव," तो म्हणाला.

"जवळ नाय."

नसरुद्दीन चमकला. इकाम्याशिवाय, राहण्याच्या परवान्याच्या त्या कार्डाशिवाय, इथं माणूस कोपऱ्यावर खबूस रोटी आणायलाही जात नाही. नशीब, पोलिसानं हात हलवून गाडी सोडून दिली.

"विसरलास?"

"नाय रे. ठेवलाय नीट जागेवर."

आधी सुरी, आता इकामा. म्हातारा झाला बिचारा, नसरुद्दीनला वाटलं. त्या विचारानं त्याला आणखीच भडभडून आलं.

तळ्याकाठच्या बोरूच्या बेटापाशी त्यानं गाडी उभी केली. पहारेकऱ्यांनी जाळं मुद्दाम तसंच ठेवलं होतं. हुसेनमियाँनं वहाणा काढल्या, पायजमा गुडघ्यापर्यंत दुमडला आणि पाण्यात उतरला. जाळ्यात एक बदक फडफडत होतं. त्यानं हलक्या हातानं त्याचे पाय मोकळे केले आणि ते वर उडवून दिलं.

"सोडलंस कशाला?" नसरुद्दीन काठावरून ओरडला.

"मग काय करू? सुरी कुठाय?" हुसेनमियाँ हसला.

त्या हसण्यानं नसरुद्दीनच्या काळजाचं पाणी झालं. पळ, हुसेन, पळ, अशी हाक ओठांपर्यंत आली. मग कोठडीच्या गजाआडचा तल्हा आठवला. त्यानं हाक गिळली आणि बॉनेट उघडलं. इंजिन बघतोय असं दाखवत तो वाकला आणि आत तोंड घालून रडला.

जीप आली. हुसेनमियाँ पळाला नाही. जाळं खुंट्यांवरून सोडवून, त्याची नीट घडी करून तो बाहेर आला आणि मोठ्या पहारेकऱ्याच्या हातात ते देऊन उभा राहिला. नसरुद्दीनला वर बघायचा धीर होईना.

पहारेकऱ्यानं बेड्या घातल्या नाहीत. त्यानं खिशातून एक इकामा काढला. त्यावर हुसेनमियाँचा फोटो होता.

"दुपारीच ऑफिसात ठेवून गेला हा," पहारेकरी नसरुद्दीनला म्हणाला. "जाळं माझं आहे, पोराला सोडा, संध्याकाळी स्वतः काढून देतो म्हणाला."

हुसेनमियाँनं ओल्या पायांत वहाणा घातल्या आणि तो जीपमध्ये जाऊन बसला.

"बॉनेट लाव आता, नसरू," तो म्हणाला. "तल्हा दुपारपासून घरी तुझी वाट बघतोय."