मागून आलेला आवाज

पणदऱ्याचे आप्पासाहेब भर दुपारी बारामतीच्या विमानतळावर उभे होते. त्यांची लेक पूर्वी आज पहिल्यांदाच छोटं जेट घेऊन घरच्या धावपट्टीवर उतरणार होती.

इंदापूरच्या बाजूनं विमान आलं, पण जराही आवाज नव्हता. इंजिनं बंद पडली या भीतीनं आप्पा धावपट्टीकडे धावले. विमान मात्र अलगद टेकलं आणि धावपट्टी सोडून त्यांच्यासमोर येऊन थांबलं.

पूर्वी हसत उतरली. आप्पांनी तिला छातीशी धरलं.

"इंजिनं बंद पडली व्हती का गं?"

"न्हाय आप्पा, दोन्ही चालू होती."

आप्पांच्या जिवात जीव आला.

तेवढ्यात आभाळात काहीच दिसत नसताना इंदापूरच्या बाजूनं दोन इंजिनांचा आवाज खाली येत गेला आणि रिकाम्या धावपट्टीवर चाकं करकरली.

पूर्वीनं वडिलांचा हात घट्ट धरला.