बुधवारची खुर्ची

आईने दार ढकललं, पर्स सोफ्यावर भिरकावली आणि चपला न काढताच ती खिडकीपाशी जाऊन उभी राहिली.

"कसा झाला आजचा खेळ?" लेकीने तपासायला आलेल्या छापील मुद्रितांवरून मान वर न करता विचारलं.

"दमलेय. आत्ता काही विचारू नकोस."

लेकीने चमकून पाहिलं. एरवी बुधवारी घरी आली की आईच्या तोंडाचा पट्टा झोपेपर्यंत सुरू असायचा. कुटुंब-समुपदेशक घडवणाऱ्या एका संस्थेत ती दर बुधवारी जायची. तिथल्या विद्यार्थ्यांना सरावासाठी भांडणारी कुटुंबं लागत. शिकाऊ माणसाच्या हाती खरं कुटुंब कोण देणार? मग आईसारखी हौशी माणसं खोटं कुटुंब होऊन बसायची. एकाच बाजूने आरपार दिसणाऱ्या काचेपलीकडून विद्यार्थ्यांच्या बाई सगळं पाहायच्या आणि कुणी अडखळलं की आत फोन करून त्याचे कान पिळायच्या.

"घरी आई, तिथेही आई. ओव्हरटाइम मागून घे," लेक चिडवायची. आई नुसती हसायची.

आईच्या हृदयाने दोनदा दगा दिला, तेव्हा लेकीने दुसऱ्या गावची नोकरी नाकारली आणि घरबसल्या मुद्रितं तपासायला घेतली. त्यावरून दोघींत कधी चकार शब्द निघाला नव्हता. आई हल्ली मात्र भलतंच काहीतरी विचारायची.

"राग आला की तू गप्प का होतेस गं? आत काय चाललेलं असतं?"

"काही नाही. भूक लागलेली असते."

त्या संध्याकाळी आई जेवली नाही. लेक गोळी आणि पाणी घेऊन गेली, तर आईने तिच्याकडे पाहिलंही नाही. "ठेव तिथे," एवढंच म्हणाली.

पेला ठेवताना लेकीच्या मनात एक वाक्य येऊन गेलं. ते नवं नव्हतं. बरीच वर्षं ते असंच यायचं आणि ती ते गिळून टाकायची.

सकाळी आई उठली नाही.

नातेवाईक आले, रडले, पांगले. घर रिकामं झालं. वाक्य तेवढं मागे राहिलं. लेकीला आता एकच गोष्ट जाणून घ्यायची होती: आईला ते कळलं होतं का? पण विचारणार कुणाला?

मग एक दिवस संस्थेतल्या बाईंचा फोन आला. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर त्या जरा घुटमळल्या.

"आमच्याकडून एक चूक झालीय. सराव संपला की आम्ही माणसाला भूमिकेतून सोडवतो. खुर्चीमागे उभं राहून त्याने मोठ्याने म्हणायचं, मी ती व्यक्ती नव्हे. त्या दिवशी नेमकी वीज गेली, गोंधळ उडाला, आणि तुमच्या आईंना सोडवायचं राहून गेलं. त्या तशाच घरी गेल्या."

"मग?"

"मुलं आता त्या खुर्चीत बसायला तयार नाहीत. शिकलीसवरलेली मुलं, पण खुर्चीला वळसा घालून जातात. आईंच्या जागी बसून ती भूमिका तुम्ही उतरवाल?"

लेकीला हा शुद्ध वेडेपणा वाटला. पण आई त्या खोलीत काय बोलायची, हे तिथल्याच माणसांना ठाऊक होतं. ती गेली.

खोली बेताची होती. समोरासमोर मांडलेल्या खुर्च्या, कागदी रुमालांचा खोका, भिंतीवर फोन आणि एका बाजूला काळी काच. भिंतीलगत विद्यार्थी दाटीने बसले होते. ती दाखवलेल्या खुर्चीत बसली, सवयीने एक पाय मांडीखाली दुमडून.

"अगं बाई," कुणीतरी मागून पुटपुटलं, "बसते पण तश्शीच!"

बसणारच, लेकीच्या मनात आलं. तिचीच तर मुलगी आहे.

समोरच्या खुर्चीत कोवळ्या चेहऱ्याची एक विद्यार्थिनी होती, लेकीपेक्षा बरीच लहान. ही सरावातली मुलगी असणार, लेकीने ताडलं. मधल्या खुर्चीतला दाढीवाला विद्यार्थी समुपदेशक झाला होता. तो घसा खाकरून म्हणाला, "तर... तुम्हा दोघींत बोलणं होतं का?"

लेकीने आईचा सूर लावायचा प्रयत्न केला. "होतं. कामापुरतं."

"आणि राहून गेलेलं काही?"

"तिने माझ्यासाठी बरंच सोडलं," लेक सावकाश म्हणाली. "मला ते दिसत होतं. मी कधी बोलून दाखवलं नाही."

दाढीवाल्याने गोंधळून काचेकडे पाहिलं. फोन खणाणला. त्याने तो कानाला लावला, ऐकून घेतलं आणि जपून खाली ठेवला.

"बाई म्हणताहेत, तुम्ही दुसऱ्याच माणसाचं बोलताय."

"म्हणजे? आईचंच बोलतेय ना मी?"

समोरची विद्यार्थिनी पुढे झुकली.

"आई मी असते," ती हळूच म्हणाली. "तुमच्या आई पहिल्या दिवसापासून मुलगीच व्हायच्या. दुसरी कुठलीही भूमिका दिली तरी घ्यायच्या नाहीत. म्हणायच्या, मला तीच शिकायचीय."

लेकीने उठायचा प्रयत्न केला. पाय उचलेना.

त्या विद्यार्थिनीने डोळे मिटले. उघडले तेव्हा तिचा आवाज थकलेला होता, आणि फार मायेचा.

"बोल ना गं राणी. थांबलीस का? दर बुधवारी शेवटी बोलतेस की."

लेकीने तोंड उघडलं, आणि तिच्याबरोबर खोलीतल्या सगळ्यांचे ओठ शब्दागणिक हलू लागले.

"आई, तू एकदाची गेलीस की मी सुटेन."