तेम्योंगकडून शिक

"टाक नाहीतर खेळ रे बाबा!" नांदिंग ओरडला. "माझ्या कॉफीवर साय धरली, तरी तुझं काही ठरेना."

दोरोय हलला नाही. हातात बादशहाची जोडी होती. एरवी एवढ्यावर त्याने डोळे मिटून उडी घेतली असती. पण नांदिंगने सगळ्या चिप्स पुढे लोटल्या होत्या आणि पाठोपाठ कोरिंगताईनेही. तिचा ढीग सगळ्यांत मोठा. एकाला हरवणं वेगळं, दोघांना एकदम हरवणं वेगळं. हरला तर खेळातून बाहेर.

आणि बक्षीस होतं लोलोंची, म्हणजे तेम्योंग आजोबांची, लाल ट्रायसिकल: बाजूला प्रवाशांची बैठक जोडलेली मोटरसायकल. "यांना काही ती आता चालवायची नाही," म्हणत त्यांची बायको, लोला सेपा, हिनेच ती पणाला लावली होती. दोरोयचा सगळा जन्म दुसऱ्याची ट्रायसिकल हाकण्यात, मालकाच्या शिव्या खाण्यात चालला होता.

पत्ते टाकले तर दोघांतला एक जण जाईल, आपण टिकू. पण बादशहा टाकायचे? पुन्हा येतील?

"शिक जरा लोलोंकडून," टरबुजाच्या बिया फोडत कोरिंगने टोमणा मारला. "सकाळपासून एक शब्द नाही की कुरकुर नाही."

खरंच होतं ते. भिंतीकडच्या बाजूला लोलो तेम्योंग ठेवणीतल्या पांढऱ्या बारोंग सदऱ्यात, केस चापूनचोपून, निवांत होते. पत्ते वाटले तरी हात लावत नसत. लोला सेपाच ते न बघता परत सरकवायची. दर डावाच्या ठरलेल्या पणापायी चिप्स झिजत होत्या, तरी कपाळावर आठी नाही.

"त्यांचं बरंय," दोरोय करवादला. "त्यांना कुठे ट्रायसिकल हवीय!"

"खेळताना तोंड बंद ठेवा म्हणून जन्मभर यांच्या मागे लागले," लोला सेपा म्हणाली. "आत्ता कुठे ऐकलं."

खाली टरफलांचा खच पडला होता. शेजारणीने झाडू उचलला, तसे लोला सेपाने डोळे वटारले. "आज नाही झाडायचं, अपशकुन होतो! आणि दोरोय, आटप. पाद्रीबाबांना इथे पत्ते दिसले तर माझं काही खरं नाही."

"घ्या!" दोरोयने सगळ्या चिप्स ढकलल्या.

पत्ते उलटले. नांदिंगकडे राण्यांची जोडी, कोरिंगकडे फुटकळ सत्त्यांची. दोरोयच्या जिवात जीव आला. टेबलावर सगळ्यांच्या सामाईक पाच पत्त्यांतला एकेक उघडत गेला. चार झाले, काही बिघडलं नाही. पाचवी निघाली इस्पिकची सत्ती.

"तीन सत्त्या! नांदिंग बाहेर, दोरोय बाहेर," कोरिंग टाळी वाजवत म्हणाली. "उरलो मी आणि लोलो. म्हणजे लोलो दुसरे!"

"पत्त्याला हात न लावता!" दोरोयने कपाळावर हात मारला. "मी इथे विचार करकरून मेलो, आणि हे बघा!"

तेवढ्यात चर्चची घंटा झाली. लोला सेपाने कोरिंगच्या हातात ट्रायसिकलची किल्ली ठेवली आणि पत्ते गोळा करून खिशात कोंबले.

"चल, ऊठ दोरोय. उंच आहेस, तू पुढे लाग."

दोरोय धुसफुसत उठला आणि दुसऱ्या क्रमांकाच्या विजेत्याला त्याने खांदा दिला.