जळकी कड

मिनेसोटातला बर्फ वितळला आणि ऑर्विलचं डोकं फिरलं. बाकीचं लॉन हिरवं होत होतं, पण दारापासून टपालपेटीपर्यंतच्या पायवाटेच्या दोन्ही कडांचं गवत पार जळून गेलं होतं. दोनदा माती उकरून बी टाकलं, रोज पाणी मारलं, तरी एक कोंब वर येईना. त्याचा संशय थेट शेजारच्या डॅग्नीवर गेला. कुंपणावरून भांडण झाल्यापासून दोघांत बोलणं नव्हतं. पडद्याआडून तो तिच्यावर डोळा ठेवू लागला.

शेवटी तो बियाण्यांच्या दुकानात गेला. दुकानदारानं ऐकून घेतलं.

"फक्त वाटेकडेलाच जळलंय? मग मीठ लागलंय. वाटेवरचा बर्फ वितळावा म्हणून टाकतात ते."

"पण मी यंदा चिमूटभरसुद्धा टाकलेलं नाही!"

तो तडक डॅग्नीच्या दारात जाऊन उभा राहिला.

"माझ्या अंगणात मीठ तूच टाकलंस ना? खरं बोल!"

"टाकलं की. रोज पहाटे, अख्खा हिवाळा," ती शांतपणे म्हणाली.


मग तिनं त्याच्या कंबरेकडे बोट दाखवलं. "गेल्या वर्षी त्याच वाटेवर बर्फावरून घसरून कंबरेचं हाड मोडून घेतलंस. यंदा पडलास का एकदा तरी?"