पुढच्या सीटची शिवण

“हे कुणालाच खरं वाटायचं न्हाई, म्हणून तर सांगतोय,” मोहिद्दीन म्हणाला आणि बशीतला चहा त्यानं एका घोटात संपवला.

म्हसवडच्या स्टँडमागं त्याचं सीटकव्हरचं दुकान. आत मशीनवर त्याची सून समीना, बाहेर बाकड्यावर हरिबा आणि वडापची जीप चालवणारा पप्पू. पप्पूच्या जीपची मागची सीट उसवून आत पडली होती, त्यामुळं ऐकून घेणं त्याला भाग होतं. हरिबानं मेंढरं विकून टाकली होती. त्याला ऐकण्यावाचून दुसरं कामच नव्हतं.

मोहिद्दीन जपानला जाऊन आला, इथपर्यंत गावाची हरकत नव्हती. पोरगा शोएब तिकडं जुन्या मोटारींच्या यार्डात कामाला. त्यानं बापाला तिकीट पाठवलं, बाप ऐन थंडीत गेला आणि महिना काढून आला. त्यापुढचं कुणी मानत नव्हतं. जपानच्या आधीही मोहिद्दीन असंच बोलायचा. त्यानं शिवलेल्या सीटवर बसून एका म्हातारीची वाकडी कंबर दहिवडीपर्यंत सरळ झाली, ही त्याचीच गोष्ट.

तर शोएबनं सुट्टी काढली आणि स्वतः गाडी चालवत बापाला डोंगरातलं एक गाव दाखवायला नेलं. दोघंच. बाप आणि लेक.

डोंगरात म्हटल्यावर हरिबा हसला. शोएबच्या लग्नात मेढ्याच्या घाटातनं परतताना नवरा-नवरी मागं आणि सासरा ड्रायव्हरशेजारी, हे त्यानं डोळ्यांनी बघितलं होतं. मागं बसलं की मोहिद्दीनला गाडी लागायची. चुलीवर ठेवलेल्या दुधासारखं त्याचं पोट कधी वर येईल, नेम नसायचा.

तिकडच्या रस्त्यावर पोटातलं पाणी हलत नाही, असं म्हणून मोहिद्दीन पुढं सरकला. दोन्ही अंगाला बर्फाच्या भिंती, यष्टीच्या टपाच्या वर. गावात शिरलं की रस्त्याच्या मधोमध नळ्या, त्यातनं पाणी उडतंय. कशाला, तर बर्फ वितळायला. हरिबा म्हणाला, आमाला प्यायला टँकर आन् त्यांच्या रस्त्याला आंघोळ. आंघोळीवरून मोहिद्दीनला माकडं आठवली. वाफाळत्या कुंडात गळ्यापर्यंत बसलेली, टाळूवर बर्फ, डोळे मिटलेले, ग्रामसभेत पुढारी बसावेत तशी. त्यांची पाठ कोण चोळतं, असं पप्पूनं विचारलं.

आत मशीन चालू होतं. समीनाही गालात हसली. सासरा परत आल्यापासून ही माकडं ती रोज ऐकत होती. आल्यापासून तो बोलायचा थांबलाच नव्हता.

शोएबला जाऊन चार वर्षं झाली होती. मोहिद्दीन निघाला तेव्हा समीनानं त्याच्या बॅगेत कांदा-लसणाच्या चटणीची बरणी ठेवली आणि एकच सांगितलं, मला कवा नेणार तेवढं विचारून या. तो उत्तर घेऊनच आला. शोएबची खोली लय बारकी आहे, एकट्या माणसाला पाय पसरता येत नाहीत, मोठी मिळाली की बोलावतो म्हणालाय. समीनानं पुन्हा विचारलं नाही. त्याच्या सगळ्या गोष्टींत बिनतक्रार पटलेली ही एकच.

गोष्ट माकडांपाशी आली तसा हरिबा उठला. धोतर झटकत म्हणाला, बास रं, आता घरी जाऊन जरा खरं बोलतो कुणाशी तरी.

मोहिद्दीनला ते लागलं.

“माकडं खोटी म्हण,” तो हळू आवाजात म्हणाला. “बर्फ खोटा म्हण. पर शिवणीचं मी खोटं सांगंन व्हय?”

आणि त्यानं गाडीतली शिवण सांगितली. हात हलवले नाहीत, डोळे मोठे केले नाहीत. पुढच्या सीटची पाठ. चॉकलेटी चामडं, दोरा त्याहून एक छटा फिका. वरपासून खालपर्यंत दुहेरी टीप, कुठं गाठ नाही, कुठं ओढ नाही. बाहेर एवढा बर्फ पडत होता, पण त्याची नजर काही त्या टिपेवरून वर गेली नाही. सगळा डोंगर त्यानं तिच्याकडं बघत काढला. वळण आलं की तिच्यावर हात टेकायचा. पाठीला खाली जाळीचा खिसा होता. खिशात…

तो थांबला. गोष्टीच्या मध्यात थांबलेला मोहिद्दीन आजवर कुणी बघितला नव्हता.

“खिशात काय, रुमाल व्हता. पर तसली टीप मला जन्मात जमली न्हाई.”

हरिबा पुन्हा बाकड्यावर टेकला. हे मात्र खरं असणार, म्हणाला. पप्पूनंही मान हलवली.

आत मशीन थांबलं.

समीनाचा पाय मशीनच्या पायडलवरच होता. सुई पप्पूच्या सीटकव्हरात रुतलेली. तिनं मान वर केली नाही.

“अब्बा, तुमी मागं बसला व्हता?”

मोहिद्दीननं रिकामी बशी उचलून ओठांना लावली.

“मग फुडं कोण बसलं व्हतं?”