शेपटीवरची खूण

उंदरांनी बागेत सोमतामची कोशिंबीर करण्यापुरतीही कच्ची पपई धड ठेवली नव्हती, पण मारायची सोय नाही. रोज पंचशील म्हणतो ना आम्ही! म्हणून सापडलेला उंदीर मी पिंजऱ्यासकट भोजनदानाच्या टोपलीत, केळीच्या पानाखाली लपवायचे आणि कालव्यापलीकडच्या विहारामागे गुपचूप सोडून यायचे. तरी दोन दिवसांत पिंजरा पुन्हा भरलेला.

"तोच परत येतोय," माझा नवरा ताविन हसला. "तुझ्या सुक्या मासळीची चटक लागलीय मेल्याला."

"हो, होडीत बसून येतो!" मी भडकले आणि त्या दिवशी उंदराच्या शेपटीला लाल नेलपॉलिश फासूनच टोपली उचलली.

विहारात थोरले भंते कुंपणाला हिरवा रंग देत होते. "आमच्या तांदळाच्या कोठीत उंदरांनी उच्छाद मांडलाय बघ," ते वैतागून म्हणाले. "पण मारायचं कसं? जीवच तो." मी मान डोलावली आणि हळूच मागच्या बाजूला सटकले.

तिसऱ्या दिवशी बागेतला पिंजरा खाडकन बंद झाला. मी धावत जाऊन पाहिलं.

 

शेपटीवर माझा लाल पट्टा होता आणि त्याच्या शेजारी, ब्रशने नीट ओढलेला, एक हिरवा.