माहेरचं माणूस

लॉकडाऊनमध्ये धरणाकाठच्या त्या वाडीनं रस्त्यावर काटे टाकले आणि राखणीला घराघराची पाळी लावली. गोमानं आपल्या पाळीला काटे बाजूला केले आणि रिसॉर्टसाठी जमीन बघायला गाडीनं आलेल्या पुण्याच्या साहेबाला गुपचूप घरी नेलं. गोमाच्या बायकोचा, लिलाबाईचा, जमीन विकायला ठाम नकार होता. तरी दारात आलेल्या माणसाला तिनं चहा दिला. साहेब खोकत खोकत प्याला.

काही दिवसांत वाडीत ताप शिरला. लिलाबाईनंही अंथरूण धरलं. माणसं गोमाच्या अंगणात जमली.

"गोमा, त्या गाडीतनं कुणाचा जावई उतरला हुता रं? जमिनीचं गिऱ्हाईक असंल, तर तुला वाडीत ठेवणार न्हाई आमी!"

आतून लिलाबाईच बोलली, "त्यांना कशाला बोलताय? माझ्या माहेरचं माणूस हुतं. मीच बोलावलं."

त्याच आठवड्यात ती गेली. वाडी तिच्या नावानं बोटं मोडत राहिली. गोमाला कुणी काही म्हणालं नाही.

दहाव्याला तिचा भाऊ कोंडिबा दुखवटा घेऊन चालत आला. "तुमच्याच माणसानं रोग आणला," म्हणत लोकांनी त्याला काट्यांपलीकडेच अडवलं. गोमा तिथंच खाली मान घालून उभा होता.

कोंडिबानं पलीकडूनच विचारलं, "दाजी, आमच्यातलं तर कुणीच घर सोडलं न्हाई. मग आक्काकडं आलं कोण हुतं?"